गाडीची उचल मंदावते तेव्हा

दिल्लीहून जयपूरकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ गुरुग्राम मागे टाकतो आणि अरवलीच्या खुरट्या, धुळीने माखलेल्या टेकड्यांच्या कडेने मानेसरच्या औद्योगिक वसाहतीजवळून पुढे जातो. हाच रस्ता जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत अशी नगरे घेत मुंबईस येतो. तेथून पुणे, सातारा, कोल्हापूर करीत बेळगावमार्गे थेट चेन्नईला पोहोचतो. मानेसर हे नाव मराठी माणसाच्या कानांना कितीही दूरचे वाटले, तरी ज्या रस्त्याने आपण खंबाटकीचा घाट चढतो त्याच रस्त्यावरचे ते एक गाव आहे.

मराठी मुलखाशी मानेसरचे आणखीही एक नाते आहे. २००६ साली तेथे सुझुकी कंपनीच्या डिझेल इंजिनांचे उत्पादन सुरू झाले. १,२४८ घनसेंटिमीटरच्या त्या इंजिनाचा मूळ आराखडा इटलीच्या फियाट कंपनीचा. आणि याच आराखड्याची इंजिने पुढे पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथील फियाट आणि टाटा यांच्या संयुक्त कारखान्यातही होऊ लागली. लहान मोटारींपासून उंच बांध्याच्या कौटुंबिक गाड्यांपर्यंत कितीतरी वाहनांत हे इंजिन बसले. २०१६ साली बाजारात आलेल्या व्हिटारा ब्रेझा या गाडीलाही तेच होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचे भारत स्टेज सहा हे कडक निकष लागू झाले, तेव्हा मारुती सुझुकीने डिझेल इंजिने बंद केली आणि ब्रेझाला दीड लिटरचे पेट्रोल इंजिन दिले. पण तोवर विकल्या गेलेल्या डिझेल गाड्या अद्याप रस्त्यावर आहेत, कुटुंबांना देवदर्शनाला, लग्नकार्याला आणि दवाखान्याला घेऊन जात आहेत. आणि जसजसे त्यांचे वय वाढते, तसतशी एक तक्रार गॅरेजच्या दारात वारंवार ऐकू येते : “गाडीला पिकअप राहिला नाही.”

‘पिकअप’ हा शब्द आता मराठीतच जमा झाला आहे. त्याचा अर्थ वेग नव्हे, तर वेग वाढविण्याची ताकद. एखादी गाडी सपाट रस्त्यावर हळूहळू का होईना, ताशी १०० किलोमीटरपर्यंत जाते आणि तरीही तिला पिकअप नसतो, असे घडू शकते. वेग किती गाठला याला येथे महत्त्व नाही. तो किती अवकाशात गाठला याला आहे.

पुष्कळांना वाटते की, ही उतावळ्या तरुणांची चिंता आहे. सावकाश जाणाऱ्या गृहस्थाला उचलीचे काय कौतुक? हा समज किती फसवा आहे, हे थोड्या गणिताने ध्यानात येईल. दुपदरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेला बारा मीटर लांबीचा मालट्रक आपल्याला ओलांडावयाचा आहे असे समजा. ट्रकच्या मागचे अंतर, ट्रकची व आपल्या गाडीची लांबी आणि पुढे शिरताना राखावयाचे अंतर अशी सारी बेरीज केली, तर ट्रकच्या तुलनेत आपल्याला सुमारे ५० मीटर अधिक जावे लागते. ओलांडतानाचा आपला सरासरी वेग ७० असेल, तर या कामाला नऊ सेकंद लागतात आणि तेवढ्यात आपण १७५ मीटर जातो. समोरून कोणी त्याच वेगाने येत असेल, तर तोही १७५ मीटर पुढे येतो. म्हणजे साडेतीनशे मीटर रस्ता मोकळा हवा. आता गाडी मंद झाली असून तोच सरासरी वेग ६० पर्यंतच जातो असे धरा. वेळ दुप्पट होऊन अठरा सेकंद लागतात. आपण ३०० मीटर जातो, समोरचा ३५० मीटर येतो. साडेतीनशेच्या जागी साडेसहाशे मीटर रस्ता मोकळा लागतो! चालकाचा अंदाज मात्र जुन्या, निरोगी गाडीच्या सवयीचा असतो. उचल मंदावलेल्या गाडीतला खरा धोका हा आहे : तिची ताकद कमी झाली तरी चालकाच्या मनातला हिशेब बदललेला नसतो. म्हणून या व्याधीचे निदान हा हौसेचा विषय नसून गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाचा विषय आहे.

निदानाची पहिली पायरी म्हणजे गाडी खरोखरच आजारी आहे की केवळ ओझ्याने वाकली आहे, हे ठरविणे. रिकामी असताना सुमारे १,२०० किलो भरणाऱ्या गाडीत पाच प्रौढ माणसे आणि त्यांचे सामान मिळून आणखी ४०० किलो चढले, की वजन १,६०० होते. इंजिनाचा जोर तोच राहिला आणि वजन तिपटीचे चौपट झाले, म्हणजे उचल पाऊण पटीवर येते, हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचे साधे फलित आहे. एकट्याने गाडी चालविताना आठ सेकंदांत मिळणारा वेग भरल्या गाडीत मिळावयास साडेदहा सेकंदांहून अधिक वेळ लागेल. त्यात घाट लागला की आणखी एक वाटेकरी येतो. वीस फुटांना एक फूट अशा चढावर ताशी ६० किलोमीटर वेगाने ही भरलेली गाडी चढवावयाची, तर केवळ गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यातच सतरा-अठरा अश्वशक्ती खर्च होतात. वातानुकूलन यंत्राचा वाटा वेगळाच.

हवामानाचाही हिशेब आहे. इंजिन इंधनावर चालते असे आपण म्हणतो. परंतु तोलून पाहिले तर ते मुख्यतः हवेवर चालते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा इंजिनाच्या पोटातून जाते. ही हवा तापली की विरळ होते. मानेसरला जानेवारीच्या पहाटे पारा ५ अंशांवर असतो आणि जूनच्या दुपारी तो ४५ वर जातो. या दोन वेळांच्या हवेच्या घनतेत सुमारे बारा-तेरा टक्क्यांचे अंतर पडते. उंचीचाही परिणाम असाच होतो : टर्बो नसलेले इंजिन दर शंभर मीटर चढाला ढोबळमानाने एक टक्का शक्ती गमावते, म्हणून महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत ते तेरा-चौदा टक्के दुबळे झालेले असते. उन्हाळ्यात, भरल्या गाडीने, वातानुकूलन चालू ठेवून घाट चढताना गाडी जड वाटली, तर तिला गॅरेजमध्ये नेण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट गाडीच्या प्रकृतीची म्हणून समजून घ्यावी लागते. मानेसरच्या त्या डिझेल इंजिनाचा ब्रेझामधील कमाल पीळ, ज्याला इंग्रजी शास्त्रात टॉर्क म्हणतात तो, २०० न्यूटन-मीटर असून तो मिनिटाला १,७५० फेऱ्यांवर मिळतो. आणि नव्वद अश्वशक्तीची कमाल शक्ती ४,००० फेऱ्यांवर मिळते. शक्ती म्हणजे पीळ आणि फेऱ्या यांचा गुणाकार. म्हणून दीड हजार फेऱ्यांवर या इंजिनाला पूर्ण पीळ मिळाला असता, तरी त्याची शक्ती त्रेचाळीस अश्वशक्तींच्या वर गेली नसती. प्रत्यक्षात तेथे टर्बोचा पंखा पुरेसा फिरू लागलेला नसल्यामुळे पीळही अपुरा असतो. धूर बाहेर पडण्याच्या जोराने टर्बो फिरतो, टर्बो फिरला म्हणजे हवा दाबली जाते, आणि हवा दाबली गेली म्हणजे जोर येतो, अशी ही साखळी आहे. ती जुळून येईपर्यंतचा जो क्षणभराचा आळस जाणवतो, तो या इंजिनाचा उपजत स्वभाव आहे. १,५०० फेऱ्यांवर चौथ्या गिअरमध्ये गाडी ओढीत नेणाऱ्या चालकाने तिच्या अशक्तपणाची तक्रार करण्यापूर्वी तिसरा गिअर टाकून पाहावा. पुढे आलेल्या पेट्रोल ब्रेझाचा कमाल पीळ १३८ न्यूटन-मीटर असून तो ४,४०० फेऱ्यांवर मिळतो. तेव्हा डिझेलची सवय झालेल्या माणसाला ती गाडी आरंभी मंद वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

एवढे सारे वजा केल्यावरही जर गाडी काल जशी होती तशी आज नाही असे वाटत असेल, त्याच रस्त्यावर, त्याच ओझ्यासह, त्याच गिअरमध्ये ती मागे पडत असेल, तर ती आजारी आहे असे मानण्यास हरकत नाही.

येथे पुष्कळांची पहिली चूक होते. ते इंजिनाचे झाकण उघडून कोठला भाग बदलावा याचा विचार करू लागतात. वास्तविक त्यापूर्वी एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवावयास हवे : जोर उत्पन्नच होत नाही, की उत्पन्न झालेला जोर वाटेत गळतो, की चाकापर्यंत पोहोचलेल्या जोराला कोणी धरून ठेवले आहे? सारी कारणे या तीन वर्गांत बसतात, आणि त्यांतला कोणता वर्ग आपला, हे ओळखण्यास हत्यारांची गरज नसते. चालकासमोरच्या तक्त्यावर इंजिनाच्या फेऱ्या दाखविणारा काटा असतो, तोच येथे आपला मार्गदर्शक.

ॲक्सिलरेटर दाबला असता फेऱ्यांचा काटा झपाट्याने चढतो, इंजिनाचा आवाज वाढतो, परंतु गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. असे असेल तर इंजिन आपले काम करीत आहे आणि जोर वाटेत गळत आहे. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत याचा अर्थ बहुधा एकच : क्लच प्लेट झिजून घसरू लागली आहे. चढावर, वरच्या गिअरमध्ये हे लक्षण ठळक होते आणि मागोमाग करपल्यासारखा वास येतो. वाहतुकीच्या कोंडीत क्लचवर पाय ठेवून इंचाइंचाने पुढे सरकण्याची सवय हे त्याचे नेहमीचे कारण. दिल्ली-गुरुग्रामच्या संध्याकाळी काय किंवा पुण्याच्या हिंजवडी रस्त्यावर काय, हा विकार सारखाच जडतो. अशा गाडीचे इंजिन कितीही साफ केले तरी उपयोग नाही. प्लेट बदलणे हाच उपाय.

दुसरा प्रकार याच्या उलट. इंजिन निरोगी आहे, क्लच पकडतो आहे, पण गाडी मोकळी धावत नाही. सपाट रस्त्यावर गिअर काढून सोडून दिली तर नेहमीपेक्षा लवकर थांबते. येथे चाकांकडे पाहावे. टायरमधील हवा कमी झाली की रस्त्याचा विरोध वाढतो. किती हवा हवी याचा आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लावलेला असतो. ब्रेक चिकटून राहत असेल, तर दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबल्यावर एक चाक इतरांपेक्षा फार तापलेले आढळते. हात चाकाजवळ न्यावा, लावू नये. धग दुरूनच कळते. याच वर्गात एक हौसेचे कारणही मोडते. गाडी अधिक रुबाबदार दिसावी म्हणून मोठ्या व्यासाचे टायर बसविले जातात. व्यास पाच टक्क्यांनी वाढला की रस्त्यावर पडणारा जोर जवळपास तेवढाच कमी होतो, आणि वेगदर्शक काटाही खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. मालक रूपासाठी पैसे मोजतो आणि उचल गमावतो.

तिसरा प्रकार सर्वांत मोठा व गुंतागुंतीचा : ॲक्सिलरेटर दाबूनही फेऱ्यांचा काटाच वर चढत नाही. इंजिन जोर देत नाही. तरीही आरंभ साध्या गोष्टीनेच करावा. पायाखालची चटई सरकून पेडलच्या खाली अडकली, तर पेडल पुरते दाबले जात नाही; हा दोष नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि फुकट दूर होतो. त्यानंतर क्रमाने हवा, इंधन, ठिणगी आणि धुराची वाट या चार गोष्टींकडे वळावे.

हवेचा पहिला दरवाजा म्हणजे एअर फिल्टर. मानेसरच्या परिसरात राजस्थानकडून येणारी धूळ आणि सतत चालणाऱ्या बांधकामांची माती यांचा मारा असतो. आपल्याकडे विटा, खडी आणि ऊस यांची वाहतूक चालणाऱ्या रस्त्यांवरही तीच अवस्था. दीड लिटरचे इंजिन ४,००० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे तीन हजार लिटर हवा ओढते. कोंदलेल्या फिल्टरमधून सावकाश चालताना पुरेशी हवा मिळते, म्हणून चालकाला काही जाणवत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र श्वास अपुरा पडतो. फिल्टर घाण झाला तर गाडी इंधन जास्त पिते, अशी जुनी समजूत आहे. ती कार्बुरेटरच्या काळात खरी होती. आजच्या पेट्रोल गाडीतील संगणक हवा कमी झाली की इंधनही कमी करतो; त्यामुळे इंधनाचा खप फारसा वाढत नाही, बळी जातो तो उचलीचा. फिल्टर उजेडासमोर धरून पाहावा आणि माखलेला असल्यास नवा घालावा. जोरदार हवेच्या फवाऱ्याने पुन्हा पुन्हा झाडलेला कागदी फिल्टर फाटतो आणि मग धूळ थेट इंजिनात शिरते. ही काटकसर फार महाग पडते.

टर्बो असलेल्या गाडीत फिल्टरच्या पुढची वाटही तपासावी लागते. टर्बोने दाबलेली हवा रबरी नळ्यांतून इंजिनाकडे जाते. उष्णतेने त्या नळ्या कडक होऊन चिरतात, किंवा त्यांची पकड सैल होते. मग जोर देताच फुस्सकन हवा सुटल्याचा आवाज येतो, सांध्याभोवती तेलाचा ओला डाग दिसतो, आणि जुन्या डिझेल गाडीच्या मागे काळा धूर निघतो. काळा धूर म्हणजे इंधन आहे पण ते जळावयास हवा नाही, असा निर्वाळा होय. उलट गाडी मंद आहे आणि धूर मुळीच नाही, तर इंधनच कमी पडत असावे किंवा संगणकाने ते रोखले असावे. मात्र धुराची काजळी अडविणारी जाळी ज्या नव्या डिझेल गाड्यांना आहे, तेथे धूर दिसत नसल्यामुळे ही खूण उपयोगी पडत नाही.

इंधनाच्या बाजूला डिझेल गाडीत फिल्टरमध्ये साठणारे पाणी आणि गाळ, तर पेट्रोल गाडीत टाकीतील पंपाचा घटलेला दाब आणि कोंदलेले इंजेक्टर ही नेहमीची कारणे. येथे एक इशारा आवर्जून दिला पाहिजे. आधुनिक डिझेल इंजिनात इंधनाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजार-दीड हजार पटींपर्यंत जातो. चालू इंजिनाची ती बारीक नळी सैल करून पाहण्याचा मोह कोणीही करू नये. त्या दाबाने सुटलेली डिझेलची अदृश्य धार कातडी भेदून शरीरात शिरते, आणि ती जखम वरून लहान दिसली तरी हात गमावण्याची पाळी येऊ शकते.

पेट्रोलविषयी अलीकडे एक नवा प्रश्न विचारला जातो : त्यात मिसळलेल्या इथेनॉलमुळे गाडी मंद झाली का? महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे भवितव्य या इथेनॉलशी बांधले गेले असल्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न दुहेरी जिव्हाळ्याचा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला, तर दर लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. त्यामुळे लिटरमागे मिळणारे किलोमीटर थोडे कमी होणे क्रमप्राप्त आहे. परंतु ताकद त्याच प्रमाणात घटते असे नाही. इथेनॉल जळावयास हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेबरोबर संगणक थोडे अधिक इंधन सोडतो आणि जोर बहुतांशी भरून निघतो. या मिश्रणासाठी न बनविलेल्या जुन्या गाड्यांत मात्र रबरी भाग झिजणे, टाकीतील जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये बसणे अशा तक्रारी संभवतात. तेव्हा अशा गाडीची उचल मंदावली, तर इथेनॉलला बोल लावण्यापूर्वी फिल्टर आणि पंपाचा दाब पाहावा.

ठिणगीचा दोष पेट्रोल गाडीत होतो आणि तो आवाजावरून ओळखू येतो. चारांपैकी एक सिलिंडर मधूनच काम सोडतो आणि गाडी हिसके देते. गॅरेजच्या भाषेत ती ‘मिसिंग’ करते. स्पार्क प्लग झिजणे किंवा त्यावरील कॉइल निकामी होणे ही त्याची मुख्य कारणे. अशा वेळी तक्त्यावरील इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला, तर जोर न देता गाडी बाजूला घेऊन थांबवावी. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील शुद्धीकरण यंत्रात जाऊन जळते आणि ते महागडे यंत्र वितळवून टाकते. मग चारशे रुपयांच्या दुरुस्तीचे रूपांतर हजारो रुपयांच्या खर्चात होते.

उरली धुराची वाट. आत हवा येण्याइतकेच बाहेर धूर जाणेही महत्त्वाचे. नाक मोकळे असून उपयोग काय, जर उच्छ्‌वास अडला असेल? भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी बसविलेली असते. साठलेली काजळी सुमारे सहाशे अंशांच्या उष्णतेने जाळून ती स्वतःच साफ होते. पण तेवढी उष्णता येण्यास गाडी काही काळ सलग वेगाने धावावी लागते. मुलांना शाळेत सोडणे, बाजारातून भाजी आणणे एवढ्यापुरतीच जी गाडी वापरली जाते, तिची जाळी तुंबते, तक्त्यावर दिवा लागतो आणि इंजिनाच्या बचावासाठी संगणक त्याची शक्ती आखडती घेतो. वेळीच लक्ष दिले, तर मोकळ्या महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे स्थिर वेगाने, थोड्या खालच्या गिअरमध्ये गाडी चालविणे बहुधा पुरते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत याची रीत दिलेली असते. ती न वाचता दिव्याकडे महिनोन्‌महिने डोळेझाक केली, की जाळी काढून साफ करावी लागते किंवा बदलावी लागते.

याच ठिकाणी काही गॅरेजवाले एक सोपा मार्ग सुचवितात : जाळी काढूनच टाका, धूर परत फिरविणारी झडप बुजवा, संगणकाला ते कळू नये म्हणून त्याची आज्ञावली बदला. यामुळे काही काळ उचल सुधारते, हे नाकारता येत नाही. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी हिवाळ्यात दिल्लीच्या आसमंतात ज्यांनी श्वास घेतला आहे, त्यांना ही जाळी कशासाठी आहे हे सांगावे लागणार नाही. आपल्या गाडीचा श्वास मोकळा करण्यासाठी शेजारच्या मुलाचा श्वास कोंडणे, याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

आता संगणकाविषयी. आपल्याकडे २०१० नंतरच्या मोटारींत इंजिनाचे दोष स्वतःच नोंदवून ठेवणारी व्यवस्था आली. चालकाच्या पायांजवळील एका खाचेत लहानसे यंत्र जोडले की हे दोष सांकेतिक आकड्यांत वाचता येतात. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपुरा, पी ०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, पी ०३०० म्हणजे सिलिंडर मिसिंग करीत आहेत. हे आकडे फार उपयोगी आहेत; परंतु ते रोगाची लक्षणे सांगतात, रोगाचे नाव सांगत नाहीत. टर्बोचा दाब अपुरा असे यंत्राने सांगितले म्हणून नवा टर्बो घालणे, म्हणजे ताप आला म्हणून उष्णतामापक बदलण्यासारखे आहे. दाब अपुरा असण्याचे कारण टर्बो असू शकेल. तसेच ती शे-दोनशे रुपयांची चिरलेली नळी, टर्बोला आज्ञा पोहोचविणारी एखादी बारीक पोकळ वाहिनी, किंवा कोंदलेला एअर फिल्टरही असू शकेल. आकडे पुसून टाकणे हाही उपाय नव्हे. गाडी दाखवावयाची असेल तर आकडे न पुसता, टिपून घेऊनच ती दाखवावी. पुसले की पुरावा जातो.

दुरुस्तीच्या बाबतीत दोन नियम पाळले, तर पुष्कळ पैसा आणि मनस्ताप वाचतो. पहिला, स्वस्त आणि सोप्या शक्यतांपासून आरंभ करून महागड्या शक्यतांकडे जावे. दुसरा, एका वेळी एकच बदल करावा. फिल्टर, प्लग आणि पंप एकाच दिवशी बदलले आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कधीच कळत नाही; आणि सुधारली नाही, तर तिन्हींचे पैसे गेलेले असतात. आपला मेकॅनिक जाणता असेल, तर त्याला “हा भाग बदला” असे न सांगता “तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजार फेऱ्यांच्या पुढे, चढावर गाडी उचलत नाही, धूर नाही, फेऱ्या चढत नाहीत” असे सांगावे. वैद्याकडे जाताना आपण औषधाचे नाव घेऊन जात नाही, व्यथा घेऊन जातो. येथेही तेच योग्य.

आणि सुधारणा झाली की नाही, हे मनाच्या समाधानावर सोडू नये. मानेसरलाच मोटारींची तपासणी करणारी आयकॅट ही राष्ट्रीय संस्था आहे, पुण्याची ए.आर.ए.आय. ही तिच्याहून जुनी, १९६६ सालची. अशा संस्थांत गाडी जागच्या जागी मोठ्या रुळांवर चालवितात; रुळांना असा विरोध दिलेला असतो की, गाडीला आपण रस्त्यावरच धावत आहोत असे वाटावे. खोलीचे तापमान, वजन, वेग वाढविण्याचा क्रम, सारे ठरलेले. दोन गाड्यांची, किंवा एकाच गाडीच्या दोन अवस्थांची तुलना अशा समान स्थितीतच करता येते, हे त्यामागचे तत्त्व. ते तत्त्व घरच्या गाडीलाही लावता येईल. वर्दळ नसलेला, सरळ, सपाट रस्ता निवडावा. गाडीत तीच दोन माणसे बसावी, वातानुकूलन बंद असावे, इंजिन पुरते तापलेले असावे. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरपासून तेथील वेगमर्यादेत बसणाऱ्या एका ठरावीक वेगापर्यंत जाण्यास किती सेकंद लागतात, हे शेजारी बसलेल्याने मोजावे. चालकाने केवळ रस्त्याकडे पाहावे. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढावी, म्हणजे वाऱ्याचा आणि उताराचा परिणाम निघून जाईल. दुरुस्तीपूर्वीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवले, की कोणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

खरे तर हा आकडा गाडी निरोगी असतानाच काढून तिच्या पुस्तिकेत लिहून ठेवावा. उचल एका दिवसात जात नाही. ती महिन्यामहिन्याने थोडी थोडी ओसरते, आणि रोज चालविणाऱ्याला ती सवयीची होऊन जाते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या मोठ्या प्रवासाआधी, तोच रस्ता आणि तीच रीत योजून हा आकडा पुन्हा काढावा. तो दोन सेकंदांनी वाढलेला दिसला, तर आधी एअर फिल्टर उघडावा आणि टायरमधील हवा पाहावी. आणि दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत, ट्रकच्या मागून उजवीकडे गाडी काढण्यापूर्वी, लागणारा मोकळा रस्ता पूर्वीच्या दुप्पट धरावा.